आय सेव्हनचे पैसे आत्ता घालू नका, ताई

प्रश्न: मी मंगळवार पेठेत घरातूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, तालमीच्या गणपतीच्या पावत्या आणि बॅनर. श्रीलिपीचे मराठी फॉन्ट आणि पेजमेकर, कोरल ही मांडणीची सॉफ्टवेअर, यावरच सगळं चालतं. कॉम्प्युटर २०१३ चा आहे. प्रोसेसर आय थ्री ३२२०, एच ६१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी चालू केला की चहा होऊन जातो तरी हातात येत नाही. मोठ्या बॅनरची फाईल उघडली की गोल चक्र फिरत बसतं. दुरुस्तीवाला म्हणतो, याच बोर्डावर जुना आय सेव्हन ३७७० बसतो, ४,८०० रुपयांत घालून देतो, मशीन पळेल. २४० जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) २,३०० ला आणि जुनी ८ जीबी रॅम ९०० ला मिळेल, पण ते नंतर बघू म्हणाला. भाचा म्हणतो, भंगारात घाल आणि ४५ हजारांचा नवा घे. मिस्टर उद्यमनगरात लेथवर आहेत. मुलगा बारावीला आहे, पुढच्या वर्षी त्यालाही कॉम्प्युटर लागेल. भिशीचे १५ हजार हातात आहेत. आय सेव्हन घालू का?
– एक वाचक, कोल्हापूर

ताई, नका घालू. दुरुस्तीवाला तुम्हाला फसवतोय असं माझं म्हणणं नाही. तो सांगतोय ते खरं आहे, ३७७० तुमच्या बोर्डावर बसतो आणि चालतो. पण तुमचं काम जिथं अडतंय ती जागा प्रोसेसरची नाही. भिशीचा पैसा दर महिन्याला घरखर्चातून ओढून काढलेला असतो. तो अडलेल्या जागीच पडायला हवा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठं अडतंय ते मी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः बघा. उद्या सकाळी मशीन चालू झालं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर गेलात की डाव्या हाताला सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे आकडे दिसतील. ती खिडकी कोपऱ्यात तशीच ठेवा आणि तुमचा नेहमीचा जड बॅनर कोरलमध्ये उघडा. चक्र फिरतंय तोवर डोळे त्या तीन आकड्यांवर ठेवा. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला वाटतं, डिस्क शंभर टक्क्यांना चिकटलेली असेल, मेमरी काठोकाठ भरलेली असेल आणि सीपीयू मात्र पाव किंवा फार तर अर्धा कामात असेल. म्हणजे प्रोसेसर हात बांधून उभा आहे, डिस्क माल आणून देईल याची वाट बघत.

मिस्टरांना ही गोष्ट एका वाक्यात पटेल. लेथची मोटर दीडपट मोठी बसवली, पण जॉब चकमध्ये बांधायला आणि सोडायलाच दहा मिनिटं जात असतील, तर शिफ्टअखेर नग कितीसे वाढतील?

तुमच्या मशीनमध्ये तो वेळ कुठं जातो तेही सांगतो. साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडं जास्त लागतं. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी सुई त्या जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. सगळं धरून एका तुकड्याला बारा-तेरा मिलिसेकंद. इकडे-तिकडे विखुरलेले तुकडे गोळा करायचे झाले तर हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम ऐंशी आणू शकते. विंडोज सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे लागतात. त्यात श्रीलिपीचे फॉन्ट, कोरलच्या फाइली, अँटिव्हायरस, सगळे एकाच सुईवर रांग लावतात. तुमचा चहा होऊन जातो तो या रांगेत. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, ती असे तुकडे सेकंदाला हजारोंनी देते. तुमच्या एच ६१ बोर्डावर एसएसडी पूर्ण वेगाने चालणार नाही, कारण त्या बोर्डाची सॅटा जोडणी जुनी आहे, सेकंदाला ३०० एमबीच्या वर जात नाही. कुणी एवढ्यावरून एसएसडी नको म्हणालं तर ऐकू नका. तुम्हाला गरज रांग मोडण्याची आहे, आणि ती तिथंही मोडते.

मग ४ जीबी रॅम. विंडोज १०, ब्राऊझरच्या दोन खिडक्या, व्हॉट्सअॅप वेब (गिऱ्हाईक हल्ली मजकूर त्यावरच पाठवतं) आणि वर कोरल उघडलं की रॅम संपते. संपली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर उतरवायला लागतं, आणि आधीच तुंबलेल्या रांगेत आणखी गर्दी होते. म्हणून रॅम आणि डिस्क ही दुखणी वेगळी दिसत असली तरी एकातून दुसरं वाढत जातं.

आता आय सेव्हनने काय मिळालं असतं ते पारखून बघू. कोअर म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे हात. तुमच्या आय थ्रीमध्ये ते दोन आहेत, ३७७० मध्ये चार. कागदावर दुप्पट. पण पेजमेकर शेवटचं नवं आलं २००१ मध्ये, तेव्हा घरच्या कॉम्प्युटरला एकच कोअर असायचा. ते आजही एकाच कोअरवर चालतं, आणि कोरलची जुनी आवृत्तीही बरंचसं काम तशीच करते. त्यामुळे वाढलेले दोन कोअर तुमच्या पत्रिकेसाठी रिकामेच बसतील. उरला एका कोअरचा वेग. आय थ्रीचा ३.३ गिगाहर्ट्झ, आय सेव्हनचा जोरात असताना ३.९. फरक सुमारे अठरा टक्के. आतली कॅश, म्हणजे प्रोसेसरची स्वतःची छोटी मेमरी, तीही ३ एमबीची ८ होते, तिचा थोडा हात लागेल. पण ज्या कामाला दहा सेकंद लागत होते त्याला साडेआठ लागतील, एवढाच हिशोब. ४,८०० रुपये देऊन दीड सेकंद.

इथं एक खाचखळगा सांगून ठेवतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू २५ टक्क्यांवर येऊन तिथंच अडून बसला आणि डिस्क शांत असेल, तर ‘प्रोसेसर रिकामा आहे’ असा अर्थ लावू नका. तुमच्या आय थ्रीमध्ये कोअर दोनच, पण प्रत्येक कोअर विंडोजला दोन असल्यासारखा दिसतो, म्हणजे एकूण चार भाग. त्यातला एक पूर्ण भरला की आकडा २५ दिसतो. अशा वेळी खरंच प्रोसेसर अडलेला असतो. पण त्यावरही आय सेव्हनचा उपाय तेवढाच, अठरा टक्क्यांचा.

प्रोसेसर बदलणं कधीच फायद्याचं नसतं असंही नाही. राजारामपुरीतल्या माझ्या एका फोटोग्राफर मित्राकडे तुमच्यासारखाच बोर्ड होता आणि लग्नाचे व्हिडिओ तो त्यावरच करायचा. एसएसडी होती, १६ जीबी रॅम होती, तरी तीन तासांचं लग्न एक्सपोर्टला, म्हणजे तयार फाईल बनवायला, लावलं की रात्र जायची. त्याच्या मशीनवर सीपीयू तासन्‌तास शंभर टक्के भरलेला असायचा, आणि व्हिडिओचं एक्सपोर्ट हे काम सगळे कोअर वापरून घेतं. त्याने हाच ३७७० घातला आणि वेळ जवळपास निम्म्यावर आला. त्याचे पैसे पहिल्या सीझनमध्येच वसूल झाले. त्याचं दुखणं प्रोसेसरचं होतं, तुमचं नाही. उद्या तुम्ही व्हिडिओची कामं घ्यायला लागलात तर मला पुन्हा लिहा, माझं उत्तर कदाचित बदलेल.

तरीही आणखी एक गोष्ट आड येते, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. तुमच्या बोर्डावर प्रोसेसर बसतो ती बैठक, म्हणजे सॉकेट, ११५५ ची आहे. त्यावर इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे, म्हणजे २०११ आणि २०१२ सालचे प्रोसेसर बसतात. २०१३ ला चौथी पिढी आली तेव्हा सॉकेटच बदलला. ३७७० म्हणजे त्या रस्त्याचं जवळजवळ शेवटचं घर, पुढे वस्ती नाही. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आय सेव्हन असला तरी ३७७० त्यात बसत नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरच्या मशीनसाठी नाव नोंदवलेल्यांना वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, एवढीच सवलत. म्हणजे या मशीनला आता जे काही लावायचं ते स्वस्त हवं, आणि शक्यतो पुढच्या मशीनला उचलून नेता येईल असं हवं. एसएसडी उद्या काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. ३७७० दुसरीकडे कुठंच जात नाही.

भाच्याचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त वेळ चुकीची आहे. नवं मशीन तुम्हाला लागणार आहे. पण १५ हजार हातात असताना ४५ हजारांचं मशीन म्हणजे ३० हजारांचा हप्ता डोक्यावर, तोही मुलाच्या प्रवेशाच्या वर्षात. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून नव्या रॅमचे भाव चढले आहेत. तुमचं काम आज दोन हजार तीनशेच्या एसएसडीने आणि नऊशेच्या रॅमने मार्गी लागतंय. ३,२०० गेले, जोडणीची मजुरी वेगळी, तरी अकरा हजारांच्या वर हातात राहतील. दुरुस्तीवाला ‘नंतर बघू’ म्हणाला तेच आधी करायचं आहे.

एसएसडी घेताना अडीच इंचाची सॅटा मागा. दुकानात च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई दाखवतील, ती जास्त वेगवान असते हे खरं, पण तुमच्या बोर्डावर तिला जागाच नाही. बिल आणि वॉरंटी घ्या. एसएसडी जुनी घेऊ नका. रॅम जुनी चालते, एसएसडी वापराने झिजते.

रॅमबाबत दोन गोष्टी. तुमच्या बोर्डाला रॅमच्या दोनच खाचा असतात. ४ जीबीची एकच पट्टी असेल तर शेजारी ८ लागेल आणि १२ होईल. दोन-दोनच्या दोन पट्ट्या असतील तर एक काढावी लागेल. विकत घेण्याआधी झाकण उघडून मोजा. दुसरी गोष्ट, तुमच्या बोर्डाला डीडीआर ३ प्रकारची रॅम लागते, पण बाजारात ८ जीबी डीडीआर ३ च्या काही स्वस्त पट्ट्या फक्त एएमडीच्या (इंटेलसारखीच दुसरी प्रोसेसर कंपनी) बोर्डावर चालतात. दिसायला हुबेहूब सारख्या, पण इंटेलच्या बोर्डात घातल्या की स्क्रीन काळी. ‘माझ्या एच ६१ वर लावून दाखवा, मग पैसे देते’ एवढंच सांगा.

आणि पैसे देण्याआधी तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे की ६४ चं, ते बघा. ‘धिस पीसी’वर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये गेलं की दिसतं. जुन्या डीटीपीच्या मशीनवर अजून पुष्कळ ठिकाणी ३२ बिटचं विंडोज असतं, कारण जुनी सॉफ्टवेअर त्यावर बिनतक्रार चालतात. पण त्याला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही. तसं असेल तर नऊशे रुपये वाया जातील. तेव्हा आधी फक्त एसएसडी लावा, ६४ बिटचं नंतर सवडीने ठरवा.

श्रीलिपीची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते. दुरुस्तीवाले एसएसडी लावली की विंडोज नव्याने टाकतात. त्यांच्या सवयीचं आणि सोपं काम. तुमच्यासाठी ते आठ दिवसांची डोकेदुखी ठरेल. कुठला फॉन्ट कुठून आला होता, पेजमेकरची सीडी कुठं आहे, कीबोर्डची मांडणी कुठली लावली होती, सगळं पुन्हा जुळवावं लागेल आणि जुन्या फाइलींतली जोडाक्षरं भलतीच दिसायला लागतील. म्हणून त्याला स्पष्ट सांगा, क्लोन करून द्या. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर उतरते आणि मशीन उघडल्यावर सगळं आपल्या जागी असतं. ५०० जीबीच्या डिस्कवर भरलेला माल दोनशेच्या आत असायला हवा, नाहीतर २४० मध्ये मावणार नाही. जुन्या पत्रिका आणि फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. श्रीलिपीला डोंगल, म्हणजे लायसन्सची पेनड्राइव्हसारखी किल्ली, असेल तर प्रश्न नाही, ते यूएसबीत तसंच राहतं. एखाद्या सॉफ्टवेअरचं लायसन्स हार्ड डिस्कच्या नंबराला बांधलेलं असेल, तर मात्र क्लोन करण्याआधी ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन करा.

यातली एक चूक मी स्वतः भोगली आहे. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून जुना तिसऱ्या पिढीचा आय फाइव्ह घेतला, माझा बोर्ड एच ६१ चाच, पण २०११ चा. दुकानदार म्हणाला, सॉकेट एक आहे, बसणारच. बसला. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीनवर काहीच नाही. बोर्डाचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम, तिसऱ्या पिढीच्या आधीचा होता, त्याला हा प्रोसेसर ओळखताच येत नव्हता. बायोस अपडेट करायला जुना प्रोसेसर परत घालायला हवा, आणि तो मी त्याच दुकानात बदलीत दिला होता. परत मागायला गेलो तर तो विकून टाकला होता. पैसे परत मिळाले नाहीत. तुमच्याकडे मुळातच तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर चालू आहे, त्यामुळे ही अडचण तुम्हाला येणार नाही. पण वाचणाऱ्या इतरांनी ‘सॉकेट एक आहे’ एवढ्यावर कुणाला पैसे देऊ नयेत. बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाईटवर त्या बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते, त्यात नाव आणि बायोसचा क्रमांक दोन्ही बघावं. सॉकेट ११५१ वाल्यांनी तर नक्कीच. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर तिथं एकाच मापाचे आहेत, पण एकाचा दुसऱ्याच्या बोर्डावर चालत नाही.

एएमडीच्या एएम ४ सॉकेटचा बोर्ड ज्यांच्याकडे आहे त्यांची गोष्ट अगदी वेगळी. २०१७ ला रायझेन १२०० प्रोसेसर घेतलेला माणूस, बहुतेक बोर्डांवर बायोस अपडेट करून, २०२२ चा रायझेन ५६०० बसवू शकतो. चार कोअरचे सहा होतात, एकेका कोअरचा वेगही पुष्कळ वाढतो, आणि विंडोज ११ चालत नव्हतं ते चालायला लागतं. बोर्ड तोच, रॅम तीच. तिथं प्रोसेसर बदलणं मी आनंदाने सुचवीन.

एसएसडी लावायला झाकण उघडाल तेव्हा प्रोसेसरवरचा पंखाही साफ करून घ्या. शाहूपुरीतल्या एका छापखान्यातलं मशीन मी मागे उघडलं होतं. पंखा काढला तर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये कागदाचा भुसा आणि धूळ मिळून राखाडी नमदा तयार झाला होता, बोटांनी धरून अख्खा उचलून निघाला. त्याखाली प्रोसेसरला लावलेली पेस्ट जुन्या चुन्यासारखी वाळून भेगाळली होती. नमदा काढला, नवी पेस्ट लावली. काम करताना ८८ वर जाणारं तापमान ५६ वर आलं, आणि दुपारनंतर मशीन मंद होतं ही त्यांची तक्रार तिथंच मिटली. तुमच्या घरातही कागद कापला जात असेल, म्हणून म्हणतो. मशीनची वेळ रोज चुकत असेल तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेलही बदला.

पुढच्या वर्षी तुम्हाला डेस्कटॉप घ्यायची वेळ आली तर ऑफिसांतून निघालेलं आठव्या पिढीच्या आय फाइव्हचं मशीन बघा. आय फाइव्ह ८५०० मध्ये सहा कोअर आहेत आणि विंडोज ११ चालतं. डीटीपीला ते भरपूर होईल. एसएसडी तुमचीच त्यात लावा. जुन्या मालात बोर्ड उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शाहूपुरीकडे किती दुकानं, ऑफिसं पाण्यात होती ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पाण्यात गेलेला बोर्ड वाळवून चालू होतो, पण सॉकेटच्या कडेला आणि स्क्रूपाशी हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं. तसं दिसलं की सोडून द्या. मुलगा मात्र बहुतेक लॅपटॉपच मागेल, आणि लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डालाच डकवलेला असतो, नंतर बदलता येत नाही. तिथं पैसे कमी पडले तर एसएसडी लहान घ्या, प्रोसेसर हलका घेऊ नका.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबलेत, म्हणून तोवर या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका, ते मोबाईलवर करा. गिऱ्हाईकांचे पेनड्राइव्ह उघडण्याआधी न चुकता स्कॅन करा. जमेल तेव्हा नवी कामं युनिकोडमध्ये, म्हणजे एकाच फॉन्टला बांधून न राहणाऱ्या टायपिंगमध्ये, टाइप करायला लागा, पुढच्या मशीनवर जाताना तेवढं ओझं कमी होईल.

हे सगळं तुळशीच्या लग्नाआधी उरका. एकदा पत्रिकांची गर्दी सुरू झाली की मशीन दोन दिवस बंद ठेवणं तुम्हाला परवडणार नाही. मिस्टरांच्या सुट्टीचा दिवस धरा, क्लोन होताना शेजारी बसा, आणि घरी आल्यावर जुन्यातल्या जुन्या चार पत्रिका उघडून जोडाक्षरं नीट दिसतात का ते बघा. जुनी हार्ड डिस्क दुरुस्तीवाल्याकडे ठेवू नका, घरी आणा, आणि महिनाभर तरी पुसू नका.